रास्पबेरी शेक आरएस१डी : कराडच्या घरातून पृथ्वीच्या गाभ्याची नोंद घेताना

रास्पबेरी शेक हा पनामात तयार होणारा छोटा भूकंपमापक (आरएस१डी हे मॉडेल) कराडमधील माझ्या घरी तळमजल्यावर बसवलेला आहे. त्याच्याविषयी हौशी मंडळींनी इंग्रजीत पुष्कळ लिहिले आहे. मात्र त्यातले बहुतेक लेखन जवळपासचे धक्के टिपण्याबद्दल आहे. मला हे यंत्र वेगळ्या कामासाठी हवे होते. दूरच्या भूकंपांचे तरंग पृथ्वीच्या पोटातून वाट काढत आपल्यापर्यंत येतात, आणि त्या तरंगांच्या येण्याच्या वेळांवरून प्रावरण, बाह्य गाभा आणि अंतर्गाभा यांचा शोध लागला. शाळेच्या पुस्तकातल्या एका आकृतीवर ज्याची बोळवण होते, ते सारे स्वतःच्या नोंदींवरून पडताळता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. पुढील अभिप्राय याच एका कसोटीवर आहे.

आधी यंत्राची ओळख करून देतो. २०१६ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून निधी उभारून हे उत्पादन बाजारात आले. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय या संगणकावर एक जोडपट्टी (सर्किट बोर्ड) बसवलेली असते आणि तिला उभ्या दिशेची हालचाल टिपणारा एक जिओफोन जोडलेला असतो. जिओफोन म्हणजे स्प्रिंगला टांगलेली तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती चुंबक. जमीन हलली की दोहोंमध्ये सापेक्ष गती निर्माण होते आणि त्या गतीच्या प्रमाणात विद्युतदाब मिळतो. तेलशोधाच्या सर्वेक्षणात असे जिओफोन सर्रास वापरले जातात, म्हणूनच यंत्राची किंमत व्यावसायिक भूकंपमापकाच्या तुलनेत फारच कमी राहते. विद्युतदाबाचे २४ बिट अचूकतेने अंकांत रूपांतर होते, सेकंदाला शंभर नोंदी घेतल्या जातात आणि त्या मिनीसीड या भूकंपशास्त्रातील प्रमाण स्वरूपात कार्डावर साठतात. परवानगी दिल्यास याच नोंदी ‘एएम’ या संकेताच्या जागतिक हौशी जाळ्यातही जातात. माझ्या मते या उत्पादनाची खरी ताकद या प्रमाण स्वरूपात आहे, कारण त्यामुळे घरची नोंद आणि एखाद्या वेधशाळेची नोंद एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी उघडता येते.

बसवणे अवघड नाही, पण निष्काळजीपणे केल्यास सगळे वाया जाते. यंत्र जमिनीला लागून असलेल्या पक्क्या फरशीवर, घराच्या कमीत कमी वापराच्या कोपऱ्यात ठेवावे. तीन स्क्रूंवर ते समपातळीत आणावे आणि वरून वारा लागणार नाही असे झाकावे. वरच्या मजल्यावर, लाकडी फळीवर किंवा टेबलावर ठेवल्यास ते इमारतीचे आणि टेबलाचे डोलणेच टिपत राहील. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, मिक्सर, रस्त्यावरची एसटी हे सगळे त्यात उमटते. पुण्यामुंबईच्या वर्दळीच्या रस्त्यालगतच्या इमारतीत दिवसा दूरच्या भूकंपाची आशा धरू नये. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात छोटी यूपीएस हवीच. संगणक अचानक बंद पडला की कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका असतो आणि नेमका त्याच वेळी महत्त्वाचा भूकंप हातचा जातो. वेळेची अचूकता इंटरनेटवरून राखली जाते. सेकंदाच्या अपूर्णांकातली ती चूक या कामाला मुळीच बाधक नाही.

आता मुख्य विषय. पहिली नोंद २८ मार्च २०२५ रोजीच्या म्यानमारच्या भूकंपाची घेऊ. मंडालेजवळच्या त्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाची सुरुवात भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५० मिनिटे ५२ सेकंदांनी झाली. कराडपासून ते ठिकाण सुमारे २१ अंशांवर आहे. येथे अंश म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन. भूकंपशास्त्रात अंतर असेच मोजतात. पहिला प्राथमिक तरंग, ज्याला पी तरंग म्हणतात, पावणेपाच मिनिटांच्या आसपास पोहोचला. दुसरी नोंद ३० जुलै २०२५ च्या कामचात्काच्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपाची. तो पहाटे ४ वाजून ५४ मिनिटांनी झाला, अंतर सुमारे ७४ अंश, आणि पी तरंगाला यायला साडेअकरा मिनिटे लागली. तिसरी नोंद १९ जुलै २०२४ ची. उत्तर चिलीत सान पेद्रो दे आताकामाच्या परिसरात सुमारे १२० किलोमीटर खोलीवर ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ७ वाजून २० मिनिटे झाली होती. अंतर सुमारे १४४ अंश, आणि पहिली स्पष्ट हालचाल उमटली ती १९ मिनिटांहून थोड्या अधिक काळाने.

या तीन आकड्यांचे काय करायचे? भूकंपाचे ठिकाण आणि कराड यांना जोडणारी सरळ रेषा पृथ्वीच्या आतून काढावी, तिची लांबी काढावी आणि प्रवासाच्या वेळेने भागावे. तरंग प्रत्यक्षात वक्र मार्गाने येतात, त्यामुळे हा खरा वेग नव्हे. पण तुलनेसाठी ही सरासरी पुरेशी बोलकी आहे. म्यानमारसाठी रेषा सुमारे २३०० किलोमीटरांची येते आणि सरासरी सेकंदाला ८.१ किलोमीटर. कामचात्कासाठी रेषा सुमारे ७६५० किलोमीटर आणि सरासरी ११.१. म्हणजे खोल जाणारा तरंग अधिक वेगाने येतो. दाब वाढतो तसा खडक अधिक घन आणि अधिक ताठर होतो; घनता वेग घटवते, ताठरपणा तो वाढवतो, आणि ताठरपणाचा परिणाम घनतेच्या परिणामावर मात करतो, म्हणून हे अपेक्षितच आहे. चिलीचा तरंग तर याहून कितीतरी खोल जातो. त्याची सरासरी आणखी वाढायला हवी. चिलीसाठी रेषा सुमारे १२००० किलोमीटरांची आहे आणि सरासरी येते १०.३ ते १०.४ च्या घरात. ती घटली!

त्या घटलेल्या आकड्यात पृथ्वीचा गाभा आहे. प्रावरणाच्या तळाशी पी तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे १३.७ किलोमीटर असतो. सुमारे २८९० किलोमीटर खोलीवरची सीमा ओलांडताच तो एकदम ८ च्या आसपास येतो. वाटेतला एवढा मोठा मंद भाग सरासरी खाली ओढतो. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले ते अशाच विचारातून, दूरच्या केंद्रांवर तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा का येतात या प्रश्नातून. ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते आणि १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा त्यांनी केलेला अभ्यास हा भूकंपलेखांवर प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठतरंग वेगळे ओळखण्याचा पाया ठरला. भारतातल्या भूकंपाने सुरू झालेली ही विचारसरणी भारतातल्याच एका साध्या घरात, साध्या भागाकाराने तपासता येते याचा मला मनापासून आनंद आहे, आणि केवळ एवढ्यासाठीही मी हे यंत्र घेण्याचा सल्ला देईन.

चिलीची नोंद इतकी स्पष्ट का यावी, यालाही कारण आहे, आणि ते कराडच्या भौगोलिक स्थानात आहे. पाण्यात तिरपा शिरणारा प्रकाशकिरण जसा वेग घटल्यामुळे आत वळतो, तसाच गाभ्यात शिरणारा पी तरंग आत, खालच्या बाजूला वळतो. परिणामी भूकंपापासून साधारण १०४ अंशांच्या पुढे सरळ पी तरंग मिळणे थांबते आणि गाभ्यातून वळून आलेले तरंग १४० अंशांच्या पुढे मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. मधला पट्टा हे पी तरंगांचे छायाक्षेत्र. वळलेले तरंग १४४–१४५ अंशांच्या आसपास एकमेकांजवळ दाटतात, आणि तेथे भूकंपलेखावर त्यांचा जोर एकदम वाढतो. महाराष्ट्रातून पाहता उत्तर व मध्य चिलीचा किनारा नेमका या अंतरावर येतो. चिली हा जगातील अत्यंत भूकंपप्रवण देशांपैकी एक असल्यामुळे आपल्याला या दाटणीच्या नोंदी वारंवार मिळू शकतात. उलट फिजी आणि टोंगाचा परिसर आपल्यापासून ११२ अंशांच्या आसपास, म्हणजे छायाक्षेत्राच्या आत पडतो. तेथे सहाशे किलोमीटरांपर्यंत खोल असे भूकंप होतात. त्यांची तीव्रता सातच्या आसपास असूनही माझ्या यंत्रावर पी तरंगाच्या जागी जवळजवळ काही दिसत नाही, तर त्याच तीव्रतेचा जपानचा भूकंप ठळक उमटतो. उपकरण घेताना या योगायोगाची मला कल्पना नव्हती. पण महाराष्ट्रातील भूगोलाच्या शिक्षकाला छायाक्षेत्र आणि त्याची कड या दोन्ही गोष्टी दोन ठरावीक प्रदेशांच्या नोंदींतून शिकवता येतील, हे येथे आवर्जून नोंदवतो.

या छायेत पूर्ण अंधार नाही. तेथेही काही क्षीण तरंग मिळतात, आणि डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये नेमक्या या क्षीण तरंगांवरून अंतर्गाभ्याची कल्पना मांडली. १९२९ च्या न्यूझीलंडच्या मर्चिसन येथील भूकंपाच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या होत्या. गाभ्याच्या आत आणखी एक गोळा असेल आणि त्यात तरंगांचा वेग जास्त असेल, तर छायेत पोहोचणाऱ्या त्या हालचालींचा उलगडा होतो, असा त्यांचा तर्क होता. आज त्या गोळ्याची त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर मानली जाते. लेहमान यांचा हा पुरावा रास्पबेरी शेकवर स्वतःच्या नोंदीतून दाखवता येईल का, तर एका घरातल्या एका यंत्रावरून नाही. छायेतले हे तरंग घरगुती गोंगाटात बुडून जातात. फिजीच्या एखाद्या मोठ्या भूकंपाच्या वेळी, मध्यरात्री आणि शांत जागी ते कदाचित डोके वर काढतील. मात्र तशा एका पुसट रेषेवरून अंतर्गाभ्याचा दावा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता यंत्राच्या सर्वांत मोठ्या मर्यादेकडे येतो, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खरेदी करणाऱ्यांची दिशाभूल होण्याची शक्यता येथेच अधिक आहे. जिओफोनची नैसर्गिक वारंवारता ४.५ हर्ट्झ आहे. इलेक्ट्रॉनिक उपायाने त्याची संवेदनशीलता एका हर्ट्झच्या खालपर्यंत, साधारण अर्ध्या हर्ट्झपर्यंत ताणली आहे. दूरच्या भूकंपाचा पी तरंग साधारण एका सेकंदाच्या आवर्तनाचा असल्याने तो या पट्ट्यात बसतो. दूरच्या भूकंपाचे दुय्यम तरंग, म्हणजे एस तरंग, मात्र बहुधा पाच-दहा सेकंदांच्या वा त्याहून लांब आवर्तनाचे होऊन येतात, कारण त्यांतला जलद कंपनांचा भाग प्रावरणातून येताना झिजतो. पृष्ठतरंग तर वीस सेकंदांच्या आसपासचे असतात. एवढ्या संथ हालचालीला हे यंत्र जवळजवळ बहिरे आहे. शिवाय आरएस१डी केवळ उभी हालचाल मोजते, आणि एस तरंगाची बरीचशी हालचाल आडवी असते.

याचा परिणाम असा. बाह्य गाभा द्रवरूप आहे याचा शाळेत सांगितला जाणारा पुरावा म्हणजे एस तरंग त्यातून जात नाहीत आणि सुमारे १०४ अंशांच्या पुढे ते सरळ पोहोचत नाहीत. एखादा उत्साही विद्यार्थी चिलीची नोंद उघडेल, एस तरंग दिसत नाही हे पाहील आणि बाह्य गाभा द्रवरूप असल्याचे सिद्ध झाले असे लिहील. ते चूक होईल. त्याने साठ-सत्तर अंशांवरच्या सात तीव्रतेच्या भूकंपाची नोंदही पाहावी, जेथे एस तरंग निश्चितपणे पोहोचलेला असतो. तेथेही या यंत्रावर तो दिसत नाही किंवा जेमतेम जाणवतो. जे यंत्र असलेला तरंगही दाखवत नाही, त्याच्या कोऱ्या रेषेवरून तरंग नसल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. इतिहासातही हा प्रश्न केवळ एका अनुपस्थितीवर सुटला नाही. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रव असल्याचे ठामपणे मांडले ते भरतीओहोटीच्या बलांना संपूर्ण पृथ्वी किती नमते आणि प्रावरण किती ताठर आहे, या दोहोंच्या तुलनेवरून. उत्पादकाच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा पट्टा स्पष्ट दिलेला आहे, त्यामुळे फसवणुकीचा आरोप मी करत नाही. मात्र त्या आकड्याचा अर्थ काय हे सामान्य ग्राहकाला सांगणारा एक परिच्छेद सोबतच्या पुस्तिकेत असायला हवा होता.

ज्यांना एस तरंग, पृष्ठतरंग किंवा गाभ्यावरून परावर्तित झालेले तरंग पाहायचे आहेत, त्यांनी ब्रॉडबँड, म्हणजे संथ आणि जलद दोन्ही कंपने टिपणाऱ्या, केंद्रांच्या खुल्या नोंदी वापराव्यात. श्रीलंकेतील पल्लेकेले येथे जागतिक जाळ्यातले केंद्र आहे, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेत फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यातले. पूर्वी आयरिस या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतील संस्था २०२३ पासून अर्थस्कोप या नावाने काम करते आणि जगभरातील केंद्रांच्या नोंदी विनामूल्य देते. घरच्या यंत्रावरची चिलीची नोंद आणि पल्लेकेलेची नोंद एकाखाली एक ठेवली की पी तरंगात दोघांचे एकमत आणि त्यापुढच्या सगळ्यात फरक दिसतो. विद्यार्थ्यांना उपकरणाची मर्यादा समजावण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

सॉफ्टवेअरबाबत समाधान आहे. यंत्राची नोंद ब्राउझरवर लगेच दिसते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा स्वॉर्म हा विनामूल्य प्रोग्राम तिच्याशी सहज जोडला जातो. थोडे पायथॉन येत असेल तर ऑब्सपाय आणि त्यातील टाउपी ही साधने वापरावीत, कारण कोणत्या अंतरावर कोणता तरंग किती वाजता यायला हवा हे टाउपी प्रमाण पृथ्वी-प्रतिरूपावरून काढून देते. माझ्या नोंदींचा मेळ या गणिताशी एक-दोन सेकंदांच्या आत बसतो. नोंद पाहताना ०.७ ते २ हर्ट्झचा गाळणीपट्टा लावावा, म्हणजे याबाहेरची कंपने गाळून टाकावीत. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सतत संथ कंपने चालू असतात आणि तो गोंगाट या पट्ट्याच्या खाली राहतो. गाळणी न लावता जुलै-ऑगस्टमध्ये दूरचा भूकंप शोधणे फार त्रासाचे आहे. मराठीत कोणतेही मार्गदर्शन उपलब्ध नाही, आणि शाळांसाठी यंत्र घेणाऱ्यांना ही अडचण जाणवेल.

कराड, पाटण, चिपळूण या भागातील वाचकांसाठी दोन शब्द अधिक. कोयना परिसरातील लहान धक्के हे यंत्र उत्तम टिपते. कोयनानगर माझ्यापासून पन्नास किलोमीटरांच्या आत असल्यामुळे पी आणि एस या दोन तरंगांमध्ये साधारण सहा सेकंदांचे अंतर पडते, आणि जवळच्या धक्क्यांत एस तरंग जलद कंपनांचा असल्याने तो येथे स्पष्ट दिसतो. या परिसराला पृथ्वीच्या अंतरंगाच्या अभ्यासात महत्त्वाचे स्थान आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर, सत्तरच्या दशकात, राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर जमिनीत स्फोट घडवून त्यांचे तरंग मोजले आणि दख्खनच्या खाली भूकवचाचा तळ ३६ ते ४० किलोमीटरांच्या दरम्यान असल्याचे दाखवले. स्थानिक धक्क्यांत रस असेल तर तिन्ही दिशांची हालचाल टिपणारे आरएस३डी घ्यावे. आरएस४डी या आणखी एका मॉडेलमधील प्रवेगमापक जोरदार हादऱ्यासाठीच उपयोगी आहेत. दूरच्या भूकंपांचे क्षीण तरंग त्यांच्या स्वतःच्या गोंगाटाखाली राहतात, त्यामुळे गाभ्याच्या अभ्यासासाठी त्यांचे पैसे देऊ नयेत.

हौशी नोंदींना विज्ञानात किंमत नसते, असा आक्षेप मी ऐकला आहे. १४ ऑगस्ट २०२१ च्या हैतीतील ७.२ तीव्रतेच्या भूकंपाच्या वेळी तेथील लोकांच्या घरांत बसवलेले रास्पबेरी शेक हाच भूकंपाच्या जवळचा मुख्य आधार होता, आणि त्या नोंदींवर आधारित शोधनिबंध सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२० च्या टाळेबंदीत जगभर जमिनीचा मानवनिर्मित गोंगाट घटल्याचे दाखवणाऱ्या अभ्यासातही या जाळ्याचा वाटा होता. घरबसल्या मोजमाप करणाऱ्याला आपली नोंद अशा कामात पोहोचू शकते ही जाणीव फार मोलाची आहे. त्यासाठी यंत्राचे ठिकाण अचूक नोंदवणे आणि ते वारंवार न हलवणे एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

खरेदी परदेशातून करावी लागते. सीमाशुल्क आणि वाहतूक मिळून खर्च छापील किमतीपेक्षा बराच वाढतो, म्हणून पूर्ण जोडलेला संच न मागवता केवळ जोडपट्टी आणि जिओफोन मागवून रास्पबेरी पाय येथेच घ्यावा. मात्र कोणते मॉडेल चालते ते आधी तपासावे. एखाद्या महाविद्यालयाने किंवा तालुक्यातील दोन-तीन शाळांनी मिळून एक यंत्र शांत जागी बसवले आणि नोंदी सर्वांनी वापरल्या, तर पैशांचा सर्वांत चांगला उपयोग होईल. शहरातील वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी यंत्र न घेता जाळ्यातील इतर केंद्रांच्या खुल्या नोंदींवरून वरील भागाकार करून पाहावा. म्यानमार, कामचात्का आणि चिली या तिन्ही भूकंपांच्या नोंदी तेथे उपलब्ध आहेत.